ज्यांना दम लागतो

आमच्या घरात बारीक माणसाला आजारी समजत. माझ्याआधी आईला दोन मुलं झाली होती आणि दोन्ही गेली. दोघंही दिवसेंदिवस रोडावत गेली, एवढंच ती सांगायची. काय झालं होतं ते महाडात त्या वेळी कुणाला नीट कळलं नाही. मग तिसरी मी जगले. मला भरवायचं, भरवत राहायचं, हाच तिचा धर्म झाला. शाळेतून आले की दारातच हातात तूप-गुळाचा भाकरीचा लाडू यायचा. तो संपेपर्यंत ती चुलीपुढून उठायची नाही. मी खाते आहे हे बघताना तिचा चेहरा जसा सैल व्हायचा, तसा तो एरवी कधी होत नसे.

त्यामुळे चौदाव्या वर्षी मी चांगलीच जाड होते. वडील भाताच्या गिरणीत काट्यावर कामाला होते, पोती तोलायचे. शाळेतल्या पोरींना माझ्यासाठी नाव शोधायला लांब जावं लागलं नाही. मला सगळ्या 'पोतं' म्हणत. मी हसायचे. हसलं की चिडवणं लवकर संपतं हे मला कळलं होतं.

मला एकाच गोष्टीचं फार वाटायचं, ते म्हणजे लेझीम. थंडीत शाळेचं संमेलन व्हायचं, त्याच्या महिनाभर आधीपासून मुलींची लेझीम बसवली जायची. तो छुम-छुम-छुम आवाज वर्गात ऐकू आला की माझे पाय बाकाखाली हलायला लागायचे. सातवीत असताना मी नाव द्यायला गेले. तेव्हाच्या शिक्षकांनी मला लेझमीचे दोन हात करायला लावले, तिसऱ्याला मला धाप लागली. ते चांगलेच होते, रागावले नाहीत. म्हणाले, "तू असं कर, मुलींच्या चपला सांभाळ. विश्वासाचं काम आहे." संमेलनाच्या दिवशी मी पंचवीस जोड चपलांशेजारी बसले आणि गुडघ्यावर बोटांनी ताल धरला. घरी आईनं विचारलं, काय केलंस गो संमेलनात? मी म्हटलं, लेझीम होती. खोटं नव्हतं ते.

आमच्याकडे तेव्हा माझी मामेबहीण राहायला होती. आईचं माहेर कुडपणचं, पोलादपूरच्या वर डोंगरावर. तिथं चौथीच्या पुढे शाळा नव्हती म्हणून मामानं तिला पाचवीपासून आमच्याकडे ठेवली होती. माझ्याहून वर्षानं मोठी, पण वर्गात माझ्याबरोबर. ती इतकी काटक होती की आईला तिच्याकडे बघून रोज वाईट वाटे. माझ्याइतकंच तिच्याही ताटात वाढलं जाई, ती सगळं खाई आणि तशीच्या तशी राही. पाण्याच्या दोन कळशा घेऊन ती विहिरीवरून यायची तेव्हाही तिच्या तोंडानं गाणं चालू असायचं. मी एक कळशी आणली तर उंबऱ्यावर बसून घ्यायचे.

आम्ही आठवीत गेलो त्या वर्षी शाळेत नव्या बाई आल्या. घाट उतरून आल्या होत्या, साताऱ्याकडच्या. पंचविशीच्या असतील. इतिहास शिकवायच्या आणि मुलींची कवायत त्यांच्याकडे होती. कवायतीला त्या नऊवारी घट्ट कासोटा घालून येत, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतः पटांगणाला फेरी मारून दाखवली. मोठ्या बाईमाणसाला धावताना मी तोवर पाहिलं नव्हतं. आग लागली किंवा बैल सुटला तरच बायका धावत.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर एके दिवशी व्हरांड्यातल्या फळ्यावर बाईंच्या अक्षरात लिहिलेलं होतं:

'मुलींसाठी व्यायामाचा वर्ग. सकाळी सहा ते सात, मागचं पटांगण. फी नाही. पोशाखाची अट नाही. ज्यांना दम लागतो त्यांनी आधी यावं.'

शेवटची ओळ मी तीनदा वाचली. आजवर जिथं जिथं काही होतं तिथं दम न लागणाऱ्यांना आधी घेत होते. मला वाटलं, ही ओळ माझ्यासाठीच लिहिली आहे. मागं वळून पाहिलं तर बहीण उभी होती. तीही वाचत होती.

"जायचं?" ती म्हणाली.

"तुला कुठे दम लागतो?"

"मंग तुझ्यासंगं येईन. एकटीला आते सोडणार नाय."

आई खरंच सोडायला तयार नव्हती. "फुकट? फुकट कोण कशाला शिकवील गो? आणि तुला काय झालंय धावायला? चांगली अंगानं हायस." तिच्या दृष्टीनं अंगानं असणं हे मी तिच्यासाठी मिळवलेलं यश होतं. त्यातून उतरण्याची इच्छा का व्हावी हे तिला कळेना. वडील हात धूत होते. ते फारसे बोलत नसत. टॉवेलला हात पुसत म्हणाले, "शाळेतच आहे ना? जाऊ दे."

पहिल्या सकाळी गांधारी नदीवरून आलेलं धुकं पटांगणावर इतकं दाट होतं की पलीकडचा पिंपळ दिसत नव्हता. आम्ही नऊजणी होतो. पुढच्या आठवड्यात सहा राहिलो. बाईंनी आम्हाला गोल उभं केलं आणि एकच नियम सांगितला.

"बोलता येईल इतकंच धावायचं. शेजारणीशी गप्पा मारत. बोलणं तुटलं की चालायला लागायचं. बोलता आलं की पुन्हा धावायचं. कुणी कुणाच्या पुढे जायचं नाही."

बहिणीनं हात वर केला. "बाई, पन हे कशापायी? लाकडं नाय आनायची, पानी नाय आनायचं. मग घाम कशाला काढायचा?"

बाई हसल्या. "तुला नको असेल तर नको काढूस. तुझ्या बहिणीला हवाय."

"मग मी नुसतं बोलतंय," ती म्हणाली.

आणि ती बोलली. मी धापा टाकत धावायचे, ती माझ्याशेजारी धावायची आणि बोलायची. तिला बोलायला विषय एकच होता, कुडपण. चार वर्षं ती आमच्या घरात होती, शहाण्या मुलीसारखी वागत होती, कधी रडली नव्हती. पण पटांगणाच्या त्या फेऱ्यांमध्ये मला कळलं की ती रोज मनातल्या मनात तिकडेच जाऊन येते. पहिल्या दिवशी तिनं मला पोलादपूरच्या नाक्यापर्यंत नेलं. दुसऱ्या दिवशी ओढा ओलांडून पहिल्या चढापर्यंत. कुठल्या दगडावर ओझं टेकवायचं, कुठल्या वळणावर वारा अंगावर येतो, करवंदाच्या जाळ्या कुठं आहेत, वर सपाटी लागली की मामाची नाचणीची शेतं कुठून दिसतात. माझं उत्तर देणं गरजेचं होतं, नाहीतर नियम मोडला असता. म्हणून मी प्रश्न विचारायचे. छोटे प्रश्न. "मग?" "उजवीकडे?" "गाय कुठली?" पुढं पुढं प्रश्न लांब व्हायला लागले. एके दिवशी माझ्या लक्षात आलं की मी एक अख्खं वाक्य धावता धावता बोलले आहे.

धावण्यानंतर सूर्यनमस्कार, बैठका, सुंभाच्या दोरीवरच्या उड्या. बाईंकडे व्यायामाच्या चित्रांची एक पातळ चोपडी होती, त्यांना कुठल्याशा शिबिरात फुकट मिळालेली. ती एकच होती, म्हणून त्यांनी आम्हा प्रत्येकीला ती वहीत उतरवून घ्यायला लावली, म्हणजे सुट्टीत घरी करता येईल. माझ्या वहीतली चित्रातली बाई दर पानावर जाड निघाली. मी खोडायला लागले तर बाईंनी रबर काढून घेतलं. "बरोबर आहे की. व्यायाम कोण करणार आहे? तूच ना?"

आई अधूनमधून विचारायची, त्या बाईंना काय द्यायचं? एकदा तिनं नारळ आणि शेवया पाठवल्या. बाईंनी नारळ परत केला आणि शेवया वर्गातल्या सहाजणींत वाटल्या.

असा महिना गेला. धाप कमी झाली होती, जिना चढताना मी कठड्याला धरत नव्हते. पण मला ते पुरेसं वाटत नव्हतं. मला बारीक व्हायचं होतं. लेझमीची निवड तीन आठवड्यांवर आली होती. एका रविवारी वडिलांचा डबा घेऊन गिरणीत गेले, ते इंजिनाकडे गेलेले पाहिले आणि पोती तोलायच्या काट्यावर उभी राहिले. दिवाळीतही मी तशीच चोरून उभी राहिले होते. दांडीवरचं वजन सरकवून पाहिलं. जिथं होतं तिथंच होतं, केसभरही मागं नाही.

त्या दिवसापासून मी जेवण सोडलं. सोडलं म्हणजे आईला कळणार नाही असं. सकाळची भाकरी फडक्यात बांधून शाळेच्या वाटेवरच्या गाईला द्यायची. दारातला लाडू बहिणीच्या हातात सरकवायचा. रात्री ताटातलं निम्मं ती आपल्या ताटात ओढून घ्यायची, कारण मी तिला शपथ घातली होती. तिला ते आवडत नव्हतं. "माझ्या पोटात हे जात नाय गो," ती म्हणायची, "तुझं हाय ते." पण शपथ होती.

आठव्या का नवव्या दिवशी, दुसऱ्याच फेरीला, पिंपळ माझ्यासमोर आडवा झाला. पुढचं मला आठवतं ते तोंडावरचं पाणी आणि बाईंच्या मांडीवर माझं डोकं. बहीण शेजारी उभी राहून रडत होती आणि रडता रडता सगळं सांगत होती. गाय, लाडू, काटा, सगळं. शपथ मोडली म्हणून तिला आणखी रडू येत होतं.

बाईंनी आणि तिनं मला धरून घरी आणलं. आईनं मला पाहिलं आणि ती भिंतीला टेकून खाली बसली.   बहुतेक तिच्या डोळ्यांसमोर आधीची दोघं आली असावीत. मग बाईंच्या तोंडून सगळं ऐकल्यावर ती इतकंच म्हणाली, "माझ्या हातचं नको झालं तिला."

ते वाक्य मला आजही ऐकू येतं. मी पुष्कळ वर्षं त्याला मनातल्या मनात उत्तर दिलं, तिला देता आलं नाही.

बाई चुलीपुढं पाटावर बसल्या. म्हणाल्या, "मला भूक लागलीय. दोघींना वाढा." आईनं तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं वाढलं. बाई म्हणाल्या, "मी खाईन तेवढं तू खायचं. मी थांबले की थांबायचं." आम्ही समोरासमोर बसून जेवलो. बाईंनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, बिरडं पुन्हा मागून घेतलं, हात चाटले. लाडू पुढं आला तेव्हा त्यांनी तो मोडून चौघींत वाटला. आई त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या घरात येऊन इतकं मनापासून जेवणारी मास्तरीण तिनं पाहिली नव्हती.

जेवण झाल्यावर बाई आईला म्हणाल्या, "हिला उपाशी ठेवायचं नाही. वाढीचं वय आहे. भाकरी, डाळ, भाजी, मासळी, तिन्ही वेळा द्या. लाडू सणाला करा, रोज नको. एवढंच." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू. काट्यावर पुन्हा चढलीस तर वर्गाला येऊ नकोस. मी फळ्यावर काय लिहिलं होतं? वजनाचं काही लिहिलं होतं?"

"नाही."

"कशाचं लिहिलं होतं?"

"दमाचं."

"मग?"

  उठताना बाईंनी आईच्या खांद्यावर हात ठेवला. आई म्हणाली, "बाई, माझी दोन गेलीत." बाई म्हणाल्या, "ही जाणार नाही." आणि मग, का कोण जाणे, बाई परत खाली बसल्या आणि बराच वेळ आईजवळ बसून राहिल्या.

निवडीच्या दिवशी मी सगळे हात केले. शेवटच्या दोन हातांना घाम डोळ्यांत गेला होता, पण ताल सुटला नाही. बाईंनी मला दुसऱ्या रांगेत उजवीकडून तिसरी उभी केली. मी तेवढीच जाड होते. संमेलनाला ब्लाऊज शिवायला दिला तेव्हा शिंप्यानं जुनीच मापं लावली आणि तो बरोबर बसला. पण अंगात काहीतरी बदललं होतं, जे मापाच्या पट्टीत येत नव्हतं. लेझीम वर जायची तेव्हा माझा श्वास तिच्याबरोबर वर जायचा आणि खाली यायची तेव्हा खाली यायचा. आई पहिल्यांदाच शाळेत आली होती, बायकांमध्ये मागं बसली होती. घरी जाताना म्हणाली, "घाम पूस, वारं लागेल." तेवढंच. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं मला हाक मारून उठवलं, वर्गाला उशीर होईल म्हणून.

त्या फेब्रुवारी-मार्चमधल्या सकाळी मला आता सगळ्यात जास्त आठवतात. स्पर्धा नव्हती, निवड नव्हती. आम्ही सहाजणी आणि बाई. धुकं विरळ होत जायचं आणि कोवळं ऊन पटांगणावर आडवं पडायचं. कधीकधी बाई आम्हाला नदीकाठानं दासगावच्या वाटेवर न्यायच्या, आणि भरती असली तर खाडीत येणाऱ्या लाँचचा भोंगा ऐकू यायचा. बाई मधूनच बहिणीला म्हणायच्या, "तू आता बोलू नकोस. तू धाव." आणि ती धावायची. मी थांबून बघायचे. परकराचा काचा मारलेला, अनवाणी, धुळीत पाय टेकतोय की नाही असं वाटायचं. बाई हातातल्या घड्याळाकडे बघायच्या, मग तिच्याकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. काही बोलायच्या नाहीत. मला तेव्हा तिचा हेवा वाटला नाही हे मी प्रामाणिकपणे सांगू शकते. मला वाटायचं, ती माझीच कुणीतरी आहे आणि माझ्या वाटचं धावते आहे.

मे महिन्यात मी तिच्याबरोबर कुडपणला गेले. त्याआधी मी आजोळी गेले होते ती लहानपणी, मामाच्या खांद्यावर. पोलादपूरला एस.टी.तून उतरलो तेव्हा पहाट होती, पोचलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. चढावर मी अनेकदा थांबले, पण कुणाचा हात धरला नाही. आणि गंमत म्हणजे मला सगळी वाट ओळखीची होती. ओढा, टेकायचा दगड, वाऱ्याचं वळण. पुढं काय येणार ते मी तिला आधी सांगायचे आणि ती खूश होऊन हसायची. वर सपाटी लागली तशी ती एकदम बोलायची थांबली. उभी राहून तिनं इकडून तिकडे सगळं बघून घेतलं. मग घराकडे निघाली आणि मला मागं सोडून गेली. त्या वर्षात पहिल्यांदाच, बाईंनी न सांगता, ती माझ्या पुढं गेली.

घरी मामी अंथरुणावर होती. बाळंतपणानंतर तिचं दुखणं उलटलं होतं, निरोप महाडला पोचला नव्हता. तान्हं मूल होतं, त्याच्यावरची आणखी दोन होती. बहिणीनं परकर खोचला आणि त्या संध्याकाळपासून ती कामाला लागली. मला वाटलं होतं सुट्टीत आम्ही हुंदडू. मी तिच्यामागून पाणी भरलं, नाचणी दळली, मूल मांडीवर घेतलं. डोंगरातल्या बायका माझ्याकडे बघून म्हणायच्या, "खात्यापित्या घरची हाय." एकीनं तर माझ्या दंडाला हात लावून पाहिला आणि आपल्या मुलीला म्हणाली, "बघ, अशी पायजे." मी बहिणीकडे पाहिलं. आम्हाला दोघींनाही हसू आलं, मग आलं तसं गेलं.

जूनमध्ये शाळा उघडायची म्हणून मामा मला उतरवायला निघाला. बहीण ओढ्यापर्यंत आली, कडेवर तान्हं घेऊन. "आईला बरं वाटलं की येतंय," ती म्हणाली.

मी महाडला परतले तर शाळेत बाई नव्हत्या. कार्यालयातले कारकून म्हणाले, "घाटावर गेल्या. तिकडं नोकरी मिळाली." पत्ता त्यांना ठाऊक नव्हता. व्हरांड्यातला फळा पुसलेला होता, त्यावर सुट्ट्यांची यादी आली. पावसाळा संपल्यावर मी काही दिवस एकटी पटांगणावर गेले. दुसऱ्या चौघींपैकी एकीचं लग्न ठरलं होतं, बाकीच्यांना घरून नको म्हटलं होतं, बाईच नाहीत तर कशाला. मी दोन-तीन फेऱ्या मारायचे. बाजूला कुणी नव्हतं. महिन्याभरात माझंही जाणं सुटलं. वहीतले नमस्कार मात्र मी घरात, दार लोटून, पुढं पुष्कळ वर्षं घातले.

बहीण परत आली नाही. मामी त्या पावसात गेली. पुढच्या वर्षी बहिणीचं लग्न झालं, डोंगरातच, आणखी आतल्या गावी. लग्नाला मी नव्हते, मला तेव्हा ताप होता.

ती मला भेटली त्यानंतर सात-आठ वर्षांनी, महाडच्या एस.टी. स्टँडवर. माझं लग्न गावातच झालं होतं, मी बाजारात निघाले होते. ती मुलाला दवाखान्यात दाखवून परत निघाली होती. मीच तिला ओळखलं. तिनं मला ओळखलं नाही, मग ओळखलं आणि माझे दोन्ही हात धरले. आम्ही बाकावर बसलो. तिचं मूल माझ्या मांडीवर झोपलं. माझ्या घरचं, नवऱ्याचं, माझ्या आईचं सगळं विचारून झाल्यावर ती म्हणाली, "तुझ्या त्या बाई भेटल्या का गो कधी?"

"नाही. पत्ताच नाही. मी किती जणांना विचारलं."

तिनं गाठोडं जवळ ओढलं. मग म्हणाली, "मला पत्र आलं होतं त्यांचं."

"कधी?"

"तू उतरून गेल्यावर. पावसातच. बाबाच्या नावानं होतं. बाबाला वाचता येत नाय, मीच वाचून दाखवलं." तिनं मुलाच्या तोंडावरची माशी हाकलली. "बाईनी लिवलं होतं, मुलीला माझ्याकडं पाठवा. हितल्या शाळेत घालते. धावायच्या शर्यती असतात तिकडं, जिल्ह्याच्या. खाणं, राहाणं, पुस्तकं, सगळं मी बघेन, तुमाला काय द्यावं लागणार नाय."

"मग मामा काय म्हणाला?"

"काय म्हणेल? मी ते वाचलंच नाय. बाकीचं वाचलं. तब्येत कशी हाय, पाऊस कसा हाय. तेवढं सोडून वाचलं."

"का गं?"

"आई खाटेवर. पोर तान्हं." तिनं माझ्याकडे पाहिलं. "आणि बाबा हो म्हणाला असता ना."

स्टँडवर गाड्या येत होत्या, जात होत्या.  मी विचारलं, "पत्र आहे?"

"नाय. चुलीत घातलं. कुणी दुसऱ्यानं वाचलं असतं तर?"

"गाव कुठलं होतं त्यांचं?"

तिनं आठवून पाहिलं. "'क' वरनं कायतरी होतं. आता नाय आठवत."

"माझं काही लिहिलं होतं?"

हे विचारताना मला लाज वाटली, पण राहवलं नाही. तिनं खरंच आठवून पाहिलं, डोळे बारीक करून. ती खोटं बोलू शकली असती. "नाय आठवत गो," ती म्हणाली.

पोलादपूरची गाडी लागली. तिनं मूल उचललं, गाठोडं काखेत घेतलं आणि गर्दीतून वाट काढत चढली. खिडकीची जागा मिळाली नाही, त्यामुळे ती मला नंतर दिसली नाही.

त्यानंतर काही वर्षांनी नवऱ्याच्या नात्यातल्या लग्नासाठी आम्ही साताऱ्याकडे गेलो. गाडी एकेका स्टँडवर थांबायची आणि मी पाट्या वाचायचे. 'क' वरून किती गावं आहेत घाटावर, ते मला त्या दिवशी कळलं. एका ठिकाणी गाडी दहा मिनिटं थांबली. स्टँडसमोर शाळा होती, सकाळची वेळ होती, पटांगणावर मुली कवायत करत होत्या. मी खाली उतरले आणि कुंपणापाशी जाऊन उभी राहिले. शिकवणाऱ्या बाई पाठमोऱ्या होत्या, काठाची पातळशी साडी, केसांत थोडे पांढरे. त्यांनी शिट्टी वाजवून मुलींना वळवलं आणि स्वतःही वळल्या. त्या आमच्या बाई नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काय हवंय असं मानेनंच विचारलं. मी हातानं नाही म्हटलं, आणि कंडक्टरनं घंटा मारेपर्यंत तिथंच उभी राहिले.